आप्पांनी पाहिलेला दुसरा भाग

फिटर आप्पा खात्यात शिरण्याआधी दारातच थांबायचे. चप्पल काढायची, मान जराशी डावीकडे कलती करायची आणि आत पाऊल न टाकताच सांगायचं, "अकरा नंबर रडी राहिना. दखा त्याले." आत साठ माग एकदम चालू असायचे. नवख्या माणसाला त्या आवाजात स्वतःचं नाव आठवत नाही, आणि हे दारातून सांगणार की अकरावा रडतोय! आम्ही जाऊन बघायचो, तर अकराव्याचा एखादा बोल्ट खरोखरच सैल झालेला असायचा. सुरतेच्या उधन्यात मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि बिघडलेला माग नीट करणाऱ्याला फिटर. फिटर पुष्कळ होते, पण माग बिघडायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन उभा राहणारा हा एकच होता.

अमळनेरकडचे. सुरतेत तीस वर्षं काढली, पण जिभेवरची अहिराणी कधी उतरू दिली नाही. शेठ गुजरातीत बोलायचे, हे अहिराणीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचंही व्यवस्थित चालायचं. मी बारावीपर्यंत शिकलेला म्हणून माझं नाव त्यांनी 'बारावी' ठेवलं. नापास झालो होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी चारचौघांत हाक मारताना असं म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हा मोठा साहेबच आहे.

आप्पांना पिक्चरचं वेड. आठवड्यातून एकदा वीज बंद म्हणून खातं बंद, त्या दिवशी दुपारचा खेळ ठरलेला. मी, माझ्या शेजारचे माग चालवणारा संतोष, बुलढाण्याचा भगवान आणि आप्पा. पिक्चर सुटला की थेटराबाहेरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, निकाल लागायचा. आम्ही गाणी, मारामारी, हिरोईन असले विषय काढायचो. आप्पांचा प्रश्न एकच असायचा. "भ्याव वाटनं का? वाटनं तर पिक्चर चांगला." प्रेमाच्या पिक्चरलाही त्यांची हीच फूटपट्टी. एकदा एका लग्नाच्या पिक्चरला त्यांनी पसंती दिली, कारण नवरीचा बाप बघून त्यांना भीती वाटली होती.

तो परग्रहावरचा पिक्चर आम्ही सगळ्यांनी आवडीने पाहिला होता. पहिला भाग. इंग्रजी, पण हिंदी आवाज भरलेला. एक जहाज दूरच्या ग्रहावर उतरतं, आणि तिथली धूळ माणसांच्या अंगात शिरून त्यांना स्वतःसारखं करून टाकते. कप्तान मरतो, जहाज एकटंच परत निघतं, तिथे संपतो. आप्पा त्यावर महिनाभर बोलत होते. मागांवरची रुईची धूळ झटकताना म्हणायचे, "दखी ल्या, हाई पन तीच शे." तीन वर्षांनी दुसरा भाग आला, तेव्हा आम्ही पहिल्याच सुट्टीला गेलो.

काय सांगू! मेलेला कप्तान दुसऱ्या भागात दाढी करून हजर. कसा वाचला, कुणी वाचवला, एक अक्षर नाही. पहिल्या भागात धूळ पाण्याला भिते म्हणून सांगितलं होतं, इथे ती समुद्रातून चालत येते. मध्यंतरानंतर तर कोण माणूस आणि कोण धूळ हे बनवणाऱ्यालाही माहीत नसावं. शेवटचा अर्धा तास नुसते स्फोट. कानठळ्या बसत होत्या. संतोषने दोन्ही कानांत बोटं घालून तो अर्धा तास काढला, आणि आमच्या पुढचं कुटुंब लेकराला घेऊन उठून गेलं.

लारीवर भांडण जुंपलं. संतोष म्हणाला, "निसता येडपटपणा! पहिल्या भागनी अब्रू घालाडी त्यासनी." भगवान म्हणाला, "लेका, तुले काय समजते? पहिल्यापेक्षा भारी होता. दणादण!" मी मोबाईल काढून लोकांची मतं वाचून दाखवली. कुणी पाच तारे देऊन दिग्दर्शकाला साष्टांग नमस्कार घातला होता, कुणी अर्धा तारा देऊन त्याच दिग्दर्शकाला त्याच धुळीत गाडायला सांगितलं होतं. एकाने लिहिलं होतं की पिक्चर वाईट आहे पण मी तीनदा पाहिला. मी स्वतः चुका मोजून सांगत होतो, कारण बारावी या नावाला जागायचं होतं.

आप्पांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुम्हले पिक्चर दखता येत नई. शेवटना अर्धा तास त्यासनी आवाजच बंद करी दिधा. जहाज फुटस, बाया रडतस, आन आवाज नई. बठं, सगळं मुकं. असं भ्याव माले जनमभर वाटनं नई. हाऊ पिक्चर पहिलाथिन मोठा शे."

आम्ही हसलो. संतोष तर इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. आप्पा थट्टा करतात हे माहीतच होतं, ही त्यातलीच एक समजून भगवानने त्यांना टाळी दिली. आप्पाही हसले, पण आमच्यानंतर. आधी त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, संतोषच्या, भगवानच्या, मग माझ्या. त्यांचं ते पाहणं बघून माझं हसू जागीच राहिलं. मला काय कळलं ते मला तेव्हाच सांगता आलं नसतं.

घरी डिंडोलीला येईपर्यंत मी एकेक गोष्ट जुळवत होतो. मागांवर आम्ही कुणी बोलत नाही, नुसते ओठ हलवतो आणि समोरचा ते वाचतो. तीस वर्षं मागांत काढलेला माणूस ओठ पेपरासारखे वाचतो. हिंदी पिक्चरमध्ये ओठ आणि बोलणं एकच, त्यामुळे आप्पांचं कधी अडलं नाही. पण या पिक्चरमधली तोंडं इंग्रजी बोलत होती आणि आवाज हिंदी होता. पहिल्या भागाच्या वेळी थोडंफार ऐकू येत असणार. आता नव्हतं. बोलणं कळलं नाही ते त्यांनी इंग्रजी ओठांवर ढकललं असणार, पण स्फोटाएवढा मोठा आवाज तरी आपल्याला कळतो असं ते धरून चालले होते. दीडेक वर्षापासून आप्पा मागाला तळहात लावून उभे राहायचे तेही आठवलं. "कानघाई नई, हातघाई ऐकानं," म्हणजे कानाने नाही तर हाताने ऐकायचं, असं नव्या पोरांना सांगायचे, आणि ती त्यांची ऐट आहे असं मी समजत होतो. हाताने जवळचा माग कळतो. वीस पावलांवरचा कसा कळणार?

दुसऱ्या दिवशी ते माझ्या मागांपाशी आले. चालत्या मागांत, ओठांनीच, म्हणाले, "बारावी, खरं सांग. आवाज व्हता?" मी मान हलवली. "कितला?" मी दोन्ही हात पसरून दाखवले. त्यांनी मागावर तळहात टेकवला. मग म्हणाले, "कोणले सांगू नको. मन्हं बठं या कानवरच शे." साठ माग खडखडत होते. ते वाक्य मी सोडून जगात कुणाला ऐकू गेलं नसेल, आणि बोलणाऱ्यालाही नाही.

मी सांगितलं नाही. का, असं कुणी विचारलं तर सांगतो की प्रेम होतं. ते खरंच आहे. पण मागाचा धोटा काय चीज आहे हे मला माहीत होतं. आडवा धागा घेऊन जाणारं हातभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकलं जातं. त्याची पेटी सैल झाली की तो सरळ बाहेर सुटतो. सुटण्याआधी त्याच्या आपटण्याचा ठोक बदलतो, जरासा कोरडा होतो. तेवढाच इशारा. पूर्वी तो इशारा आप्पा दारातून ओळखायचे. धोटा अडवायला पुढे लावायची जाळी तार, म्हणजे तुटलेला धागा, जोडताना आड येते म्हणून आमच्या खात्यातून कधीच निघाली होती.

मग आमचं ठरलं. माझे माग ओळीच्या मध्यावर होते. कुठे ठोक बदलला की मी लाल चिंधी वर धरायची आणि बोटांनी नंबर दाखवायचा. आप्पा दर थोड्या वेळाने मान वर करून माझ्याकडे बघायचे. लोक म्हणायचे, या दोघांचं काय गूळपीठ जमलंय! शेठ मात्र खूश, कारण आप्पा अजूनही न सांगता माग ओळखत होते. ते चार महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. साठ मागांतला एकेक ठोक डोक्यात वाजत राहायचा. जेवताना ताट वाजलं तरी हात वर जायचा, आणि बायको विचारायची, "काय व्हयनं तुम्हले?" आज नाही तर उद्या काहीतरी होणार हे मला कळत होतं, आणि आप्पांनाही कळत असणार, कारण त्यांनी दारात थांबणं सोडून दिलं. सरळ आत यायचे, खाली मान घालून.

त्या दिवशी सकाळपासून तेवीस नंबरचा ठोक कोरडा होता. मी चिंधी वर धरली. आप्पा चाळिसाव्या मागाखाली वाकलेले, त्यांनी पाहिलं नाही. मी पुन्हा धरली. मग खात्याबाहेरच्या चहाच्या लारीवाल्याने खूण केली, चहा तयार होता, आणि माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. म्हटलं, चहा पिऊन येतो आणि सांगतो. दोन मिनिटांचं काम. स्वतः जाऊन तो माग बंद करायला मला वीस पावलं चालायची होती. मी लारीकडे गेलो.

कप अर्धा झाला असेल, तोवर आतला आवाज कमी व्हायला लागला. माग एकामागून एक बंद होत होते. मी धावत आलो. खातं इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. तेवीस नंबर चालवणाऱ्याला काही झालं नव्हतं, धोटा त्याच्या बाजूने निघून समोरच्या ओळीत गेला होता. संतोष जमिनीवर बसला होता, डोळ्यावर दोन्ही हात, आणि बोटांतून रक्त येत होतं. सगळे त्याच्याभोवती ओरडत होते. आणि त्या टोकाला आप्पा पाठमोरे, पाना घेऊन, चाळिसाव्या मागाचा बोल्ट आवळत होते. सगळ्या खात्यात तेवढा एकच माणूस काम करत होता. भगवानने जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले.

डोळा गेला. डाव्या डोळ्याचं काही करता येणार नाही असं डॉक्टरांनी संध्याकाळीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेठ आले, सगळ्यांना समोर उभं केलं आणि फिटर कुठे होता ते विचारलं, "फिटर क्यां हतो?" आप्पा पुढे झाले. म्हणाले, "माले ऐकू येत नई. दोन वरीस व्हयनात. मी लपाडं. कोणलेच ठाऊक नव्हतं." हे बोलताना ते शेठकडे बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते, ते उघडू नयेत म्हणून. आणि मी ते उघडले नाहीत.

चार दिवसांनी उधना स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. दुपारची गाडी, अमळनेरची. आणखी कुणी आलं नव्हतं. गाडी लागली तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवून म्हणालो, "आप्पा, तेवीस नंबरना ठोक मी ऐका व्हता. मी चहाले गऊ." तीस वर्षं ओठ वाचलेला माणूस. हातभर अंतरावर होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे शांतपणे पाहिलं, आणि म्हणाले, "काय समजनं नई रे, बारावी. मन्हा कान गयात ना." मग पिशवी उचलून चढले. खिडकीत बसल्यावर हसले, नेहमीसारखं नाही, पण हसले.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गावी वारले. मी मागाचं काम केव्हाच सोडलं, डिंडोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. संतोष रोज येऊन बसतो. धड डोळा माझ्याकडे राहील असा स्टूल ओढून घेतो. आप्पा गेल्याचं कळलं तेव्हाही तो म्हणाला, "बहिऱ्याने मन्हा डोया खादा." मी त्याच्यासाठी चहा मागवला. असा चहा मी त्याला इतकी वर्षं पाजतोय.

त्या पिक्चरचा आता तिसरा भाग यायचाय म्हणे. लोक आत्तापासूनच भांडतायत, कुणी म्हणतं दुसऱ्याने सगळं बुडवलं, कुणी म्हणतं दुसराच खरा होता. संतोष म्हणतो, जाऊ, बघू कप्तान कसा वाचला ते तरी सांगतात का. मी हो म्हटलंय. त्याआधी हे लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं आहे, त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर बसून. आप्पांचे कान गेले होते, संतोष. माझे शाबूत होते.