सोमवारचा ट्रॅक्टर

कुरुळीत आमच्या कंपनीला ट्रॅक्टरनं पाण्याचा टँकर आणणारे एक बाबा आहेत. नाव मी कधी विचारलं नाही. सोमवारी ते ट्रॅक्टर धुतात, कंपनीसमोरच्या चिंचेखाली उभा करतात आणि शेजारी बसून राहतात. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. बैल कधीच विकले, रीत तेवढी राहिली.

परवाच्या सोमवारी पाण्याचा ठेकेदार येऊन चिडला, "बाबा, मी दुसरा टँकर लावीन हां!"

"लाव की भावा. सोमवारी न्हाई जमायचं."

तो गेल्यावर मी त्यांना एक वाचलेली गोष्ट सांगितली. देवासाठी काम थांबवण्याच्या दिवसाला लॅटिनमध्ये 'फेरिए' म्हणतात. 'फेस्टिव्हल' या सणाच्या शब्दाचा तो सख्खा नातेवाईक, आणि कायम अनेकवचनीच.

"आसंल की," ते म्हणाले. "एकट्याचा कुठं इसावा व्हतो? बैल बसला, की मग मी बसायचो."

"पण आता बैल कुठं आहे, बाबा?"

त्यांचा हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर फिरत राहिला, बैलाचं वशिंड खाजवावं तसा.