कापसाचा वास घेणारे काका

गाडीवर दोर आवळायच्या आधी काका हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. मग चपला काढून गाठींच्या थरावर चढायचे, गुडघ्यावर बसायचे आणि कापसाला नाक लावून डोळे मिटायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असंच. खाली हमाल, ड्रायव्हर, मी, सगळे मान वर करून उभे. शेवटी वरून आवाज यायचा, "जा, बिनघोर!" त्यानंतरच ताडपत्री ओढली जायची.

सीमेपलीकडे, निर्मलच्या अलीकडे, इचोड्याला हायवेवर आमची ट्रान्सपोर्टची कचेरी आहे. मी तिथे बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो. आजूबाजूच्या जिनिंगमधून निघालेल्या कापसाच्या गाठी आमच्याकडून कोइंबतूरच्या सूतगिरण्यांना जातात. निर्मल, हैदराबाद, कर्नूल, बंगळूर करत तीन-चार दिवसांचा रस्ता. तुम्ही त्या गाड्या पाहिल्या असतील, केबिनच्याही वर डोंगराएवढा माल. ज्यांनी नुसत्या पाहिल्यात, त्यांना कापूस हलका, मऊ वाटतो. काका आमच्याकडचे जुने ड्रायव्हर; त्यांना तो तसा कधीच वाटला नाही.

"कापूस लय घुन्ना असते, बाबू," ते मला म्हणायचे. "आग पोटात ठेवते अन् वरून पांढरा दिसते."

खरंच आहे ते. जिनिंगच्या मशीनमध्ये एखादा खडा घासून ठिणगी पडते आणि गाठीत दाबली जाते. ना धूर, ना ज्वाळा. दोन-दोन दिवस ती आत धुमसते आणि गाडी वेगात आली, वारा लागला, की उघडते. काका म्हणत, धूर दिसला म्हणजे उशीर झाला. आधी वास येतो. "पयले गोडसर, मंग जळक्या कागदावानी."

एका वर्षी भरलेली गाडी न्यायला त्यांनी साफ नकार दिला. शेठ चिडले. अर्धा दिवस घालवून गाठी उतरवल्या आणि काकांनी बोट दाखवलं ती गाठ कोयत्यानं फोडली. आत मुठीएवढी काळी पोकळी, कडेला लाल. त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या गाड्याही काकांच्या नाकाखालून जाऊ लागल्या. कोणी पोरगा झाल्याचे पेढे आणले, तर पहिला पेढा त्यांना.

नाकाचा त्यांना अभिमान होता आणि थोडी मिजासही. कचेरीत पाय टाकताच माझ्या बंद डब्याकडे पाहून म्हणायचे, "अंबाडी हाय. अन् सूनबाईनं आज लसूण करपवला." मी घरी जाऊन हे सांगितलं, तर माझी बायको आठवडाभर त्यांच्यावर रुसून होती.

त्यांचं गाव बाजारहत्नूरच्या पुढे. एकच मुलगी. जावई संतोष त्यांच्याच गाडीवर जोडीला. आळीपाळीनं दोघं स्टेअरिंगवर बसायचे. सासरा-जावई इतका काळ एका केबिनमध्ये राहून भांडत कसे नाहीत, याचं आम्हाला नवल वाटायचं. संतोष बोलायचाच कमी. "मामाजी म्हनतीन तसं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काकांना ताप आला. महिन्याभरानं परत आले तेव्हा सदरा खांद्यावरून ओघळत होता. बाकी सगळं तेच. चपला काढल्या, गाडीवर चढले, नाक लावलं. "जा, बिनघोर!"

थोड्या दिवसांनी मी कचेरीतल्या शेगडीवर चहासाठी दूध ठेवलं आणि बाहेर वजनकाट्यावर आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरशी बोलत बसलो. आठवण झाली तेव्हा धावत आलो. दारातच करपलेल्या दुधाचा वास घशात गेला. खोली भरून गेली होती. आणि काका शेगडीपासून दोन हातांवर, पाठ करून, शांतपणे सुपारी कातरत बसले होते.

मी गॅस बंद केला. त्यांनी वळून काळं पातेलं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अडकित्ता हातातच राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून." आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "डॉक्टर म्हने, येते परत. कोनाले सांगू नको, बाबू."

"पण काका, लोक तुमच्या शब्दावर गाड्या सोडतात."

"मंग काय सांगू लोकायले?" ते एकदम चिडले आणि लगेच विझले. "ड्रायव्हर तं पन्नास हायेत. मले नाकानं ओळखते सारे. ते गेलं, तं मी कोन?"

मी सांगितलं नाही. आज लिहिताना वाटतं, त्या वेळी मी स्वतःला दयाळू समजत होतो. म्हाताऱ्या माणसाची लाज राखतोय, असं. ते गाडीवर चढले की मी बिल्टीत डोकं घालायचो. एवढं मात्र दिसलं, की आता ते नाकासोबत तळहातही गाठीवर ठेवत. ऊब शोधत असावेत. पण दुपारच्या उन्हात कापूस सगळाच तापलेला असतो.

"संतोषला शिकवा," मी एकदा म्हणालो.

"शिकवीन. पन त्याले काय सांगू, काऊन शिकवून राह्यलो म्हनून?"

हंगाम गेला, दुसरा आला. काहीच झालं नाही, आणि काही होत नाही म्हणून मीही सैल झालो.

मग ती फेब्रुवारीतली सकाळ. काकांच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, म्हणून गाडीवर संतोष आणि दुसरा एक ड्रायव्हर जाणार होते. काका लग्नाच्या धुवट कपड्यांतच आले. वर चढले. मी खिडकीतून पाहत होतो. खाली उतरताना आमची नजर भेटली. त्यांनी आधी नजर काढून घेतली.

"जा, बिनघोर," ते जावयाला म्हणाले. संतोष क्षणभर गाडीला टेकून उभा राहिला, मग केबिनमध्ये चढला. मी बिल्टी खिडकीतून त्याच्या हातात दिली.

निर्मलचा घाट उतरल्यावर माल पेटला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं होती. संतोषनं गाडी थांबवली नाही. मागे ज्वाळा घेऊन वस्तीपार मोकळ्या माळावर नेली, जोडीदाराला खाली उतरवलं आणि काही गाठी तरी वाचतील म्हणून दोर सोडायला धावला. ताडपत्री वितळून त्याच्या दोन्ही हातांवर आली.

तो वाचला. हात वाचले असंही डॉक्टर म्हणाले, पण बोटं वळेनात.

चार दिवसांनी काका कचेरीत आले. दहा-बारा ड्रायव्हर बसले होते. काका उंबऱ्यातच उभे राहिले.

"मले वास येत नाई," ते म्हणाले. "तापापासून येत नाई. तुमच्या साऱ्याइच्या गाड्या मी खोट्या सोडल्या."

मग एकानं विचारलं, "आनखी कोनाले मालूम होतं?"

मी उठायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं.

"कोनालेच नाई," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ते निघून गेले आणि मी बसून राहिलो. नंतर गाडी कधीच चालवली नाही त्यांनी.

तीन महिन्यांनी मला राहवलं नाही. मी त्यांच्या गावी गेलो. अंगणात काका जावयाला जेवू घालत होते. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, छोटे घास करून. संतोष मुकाट्यानं तोंड उघडत होता. मुलगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, बापासमोर आदळल्यासारखा ठेवला आणि आत गेली.

"बोलत नाई माह्याशी," काका मला म्हणाले. "बरोबर हाय तिचं."

ते भांडी घेऊन विहिरीकडे गेले. मी संतोषजवळ सरकलो. रस्ताभर घोकलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "मला माहीत होतं. आधीपासून. मी गप्प राहिलो."

संतोषनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"मले बी मालूम होतं," तो म्हणाला.

"तुला?" मी विचारलं.

"एका केबिनीत राहून मालूम होत नाई का, भाऊ? डिझेल गळून राह्यलं तरी कळे ना त्याईले. मंग मीच पाहू. ते चहाले गेले की मीच चढून वास घेऊ. साऱ्याइच्या गाड्या नाई होत, आमची तेवढी."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी आला होता वास. थोडासा. वाटलं, कोनी वावरात वाळल्या पऱ्हाट्या जाळून राह्यलं असंन." तो थांबला. "चार लोकायसमोर मामाजी बिनघोर म्हनले. त्याईचा शबद कसा मोडू?"

विहिरीवरून भांड्यांचा आवाज येत होता.

"हे बायकोला सांग," मी म्हणालो. "काकांना सांग. त्यांचं ओझं थोडं तरी..."

"तिले सांगतलं तं ती म्हनन, मालूम होतं तं गेले काऊन? अन् मामाजीले कळलं, की मले मालूम होतं, तं ते मान खाली घालून बसतीन. आता निदान मले जेवू तं घालून राह्यले. तुमी सांगू नका, भाऊ."

मी पुन्हा एकदा गप्प राहिलो. या वेळी दुसऱ्याच्या सांगण्यावरून. काका मला बसपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "येत जाय, बाबू." मी हो म्हणालो आणि गेलो नाही.

पोळ्याच्या आसपास फोन आला. काका झोपेतच गेले होते. मी आणि चार ड्रायव्हर मिळून गेलो. अंगणात मुलगी बापाच्या पायांशी बसली होती. रडत नव्हती. फक्त त्यांच्या तळव्यांची माती पदरानं पुसत होती, आणि पुसून झालेला तळवा पुन्हा पुसत होती.

तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा लोक संतोषला म्हणाले, तू राहू दे. त्यानं ऐकलं नाही. तो पुढच्या बाजूला गेला. मूठ वळत नव्हती, म्हणून त्यानं बांबू खांद्यावर घेतला आणि दोन्ही हातांची कोपरं त्यावर घट्ट अडकवली. वाट चिखलाची, चढाची. दोनदा त्याचा पाय घसरला. मी मागून म्हणालो, "संतोष, खांदा बदल."

त्यानं मान हलवली आणि स्मशानापर्यंत कोणालाच खांदा बदलू दिला नाही.