पाठीचा पिक्चर आणि मागच्या रांगेतली माणसं

एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि महिन्यातून एकदा जमणारी साठ-सत्तर माणसं, एवढं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कॅसेटच्या रिळावर बुरशी चढते तसे ते आपोआप चढतात. बुरशी निदान स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येते. हे किस्से मी बरीच वर्षं पुसून बघितले. जात नाहीत!

मी कल्याणहून बी.ए. करून किन्हवलीला परत आलो तो डोक्यात एकच खूळ घेऊन. गावाला चांगला सिनेमा दाखवायचा! शाळेतला दोस्त दिलीप व्हिडिओ लायब्ररी चालवायचा. टीव्ही-व्हीसीआर त्याचा आणि अक्कल माझी, अशा भागीदारीत आमचं चित्रपट मंडळ निघालं. दर महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी दोन वाजता, समाजमंदिराचा हॉल.

पहिला सिनेमा मी निवडला. अतिशय गंभीर. त्यात पहिली अकरा मिनिटं कोणी बोलत नाही. बाराव्या मिनिटाला हॉलमध्येही बोलायला कोणी उरलं नव्हतं!

दिलीप म्हणाला, "अव्या, पुढच्या टायमाला पाठीचा लाव. नायतर मंडळ बंद कर."

* * *

पाठीचा पिक्चर म्हणजे काय ते सांगतो. खरं नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. ठाण्यात लागला आणि आठवड्यात उतरला.

त्यातल्या हिरोला हिरोइनचा चेहरा दिसला की तोंडातून शब्द फुटत नाही. पाठ केली की मात्र थांबत नाही! त्यामुळे अख्खं प्रेम पाठीला पाठ लावून चालतं. एसटीत तो पुढच्या सीटवर, ती मागच्या. विहिरीवर तो पूर्वेला तोंड करून, ती पश्चिमेला. लग्नात अंतरपाट धरलेला असेपर्यंत हा पडद्याआडून तिला काय काय सांगत असतो. अंतरपाट खाली येतो आणि गडी गप्प. सगळा मांडव गप्प. मग हिरोइन भर वऱ्हाडासमोर शांतपणे त्याच्याकडे पाठ करते आणि विचारते, "आता सांग. येतोस ना?"

तो म्हणतो, "हो."

संपला पिक्चर.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आज त्या एका 'हो'वरून मी दहा गंभीर सिनेमे ओवाळून टाकीन. पण तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

हॉल भरला. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याचीच मागणी. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा! मी चिडून दारात उभा राहिलो आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारायला लागलो, "नेमकं काय आवडतं ह्यात?"

कोणी म्हणालं विनोद, कोणी म्हणालं गाणी. आमच्या शेजारच्या सोनूकाकू म्हणाल्या, "हिरो आमच्या ह्यांच्यासारखा हाय. हेपन माझ्याशी बोलायचे ते दाराकडं तोंड करून. आधी खाकरायचे, मग बोलायचे. वीस वर्सं." आणि पदर सावरत पुढे म्हणाल्या, "आनि हे त्यात दिसतात ना."

मी खूश! प्रेक्षक स्वतःचा माणूस पात्रात बघतो, ह्यावर मी कॉलेजात निबंध लिहिला होता. दिलीपला तसं म्हणालो.

"तसं नाय रे," दिलीप म्हणाला. "लग्नाच्या सीनमधे खरोखरचे दिसतात, मागच्या खांबाला टेकून. ते शूटिंग इथलंच हाय. इथनं दोन टेम्पो भरून वऱ्हाड नेलेला."

"मग बरोबर आहे. काकूंचे गोविंदकाका गेले असतील टेम्पोतून."

"गोविंदकाका शूटिंगच्या दोन वर्सं आधी वारले."

* * *

शूटिंगचा किस्सा दिलीपने स्वतः बघितलेला.

उंबरमाळीच्या बाजूला माळावर मांडव घातला होता. दिग्दर्शक मुंबईचा. त्याला सगळं अस्सल पाहिजे होतं. मांडवाला आंब्याचे टहाळे अस्सल, जेवण अस्सल. आपली माणसं तर इतकी अस्सल, की निघताना हिरोइनला आहेर करून आली! पाच ब्लाउजपीस, दोन स्टीलचे डबे आणि एक टोप. ती बिचारी रडायलाच लागली. तिच्या आधीच्या कुठल्याच पिक्चरमधल्या लग्नात तिला आहेर मिळाला नव्हता.

दिग्दर्शकाने धवलारीणही अस्सल आणली. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. जवळच्या पाड्यावरची हिराआजी. तिला कोणी सांगितलंच नाही की हे खोटं लग्न आहे. सांगितलं असतं तरी तिला खोटं गाता आलं नसतं. धवला एकच असतो.

तर आजीने सुरुवात केली. देवांना बोलावलं, शिवेला बोलावलं, मग पद्धतीप्रमाणे वऱ्हाडातल्या घराघरांतल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलावलं. टेम्पोतल्या बायका हळूच एकेक नाव पुरवत होत्या. लग्नाला आपली माणसं नकोत होय?

दिग्दर्शक ओरडला, "कट!"

आजी गातच राहिली. शेवटी एकाने तिचा हात धरला. "आजी, झालं."

"झालं कसा?" आजी म्हणाली. "आता तं नुसतं बोलावलंय. पाठवायचं कोनी?"

सगळे खूप हसले म्हणे. मांडव संध्याकाळच्या आत सोडला.

* * *

हे ऐकून मी आणखीनच पेटलो. शिकलेला माणूस होतो! माझ्या बाजूने गावात एकच जण, शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी. एका दुपारी मी, दिलीप आणि गुरुजी लायब्ररीत बसलो आणि लग्नाच्या सीनवर पॉज दाबला.

व्हीसीआरचा पॉज कसा असतो, माहीत आहे ना? चित्र थरथरतं, मधून पांढरी पट्टी फिरते. पुढे नाचणारं वऱ्हाड होतं, मागे खांब, आणि खांबांमध्ये उभी असलेली एक रांग. चेहरे पुसट.

"ही प्रिंटची खराबी," गुरुजी म्हणाले. "माणसाच्या मेंदूला ढगातसुद्धा चेहरे दिसतात." त्यांनी भिंग काढलं, काचेला लावलं आणि डावीकडून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार.

चारला थांबले. भिंग पुसलं. पुन्हा लावलं.

"काय झालं, गुरुजी?"

"काही नाही. मेंदू," असं म्हणून गुरुजी चहा न घेता गेले.

पुढच्या दुसऱ्या रविवारी दीडलाच हजर! बरोबर त्यांची म्हातारी आई, आणि तिला बसायला घरून आणलेली खुर्ची. पार पुढे, डावीकडे.

* * *

लग्नाच्या सीनला लोक टीव्हीवर अक्षता टाकायचे. मी ओरडून ओरडून बंद केलं. व्हीसीआरची काळजी होतीच, पण खरं कारण, मला लाज वाटायची.

बंद करून चार महिने झाले आणि व्हीसीआर अडकायला लागला. शहापूरच्या मेकॅनिककडे नेला. त्याने मागच्याच महिन्यात हेड साफ करून दिलं होतं. झाकण उघडलं आणि तो आमच्याकडे बघायला लागला.

"तुमच्याकडं व्हीसीआरचा लगीन लावला काय?"

आत तांदूळ होते. कुंकू लावलेले, ओलसर.

दिलीपने ते रुमालात बांधून घेतले. मी म्हणालो, "फेक ना."

"तू फेक," दिलीप म्हणाला.

मीसुद्धा फेकले नाहीत!

* * *

आता मला बाहेरचा साक्षीदार पाहिजे होता. कॅसेट घेतली आणि कल्याणला कॉलेजच्या मित्राच्या खोलीवर गेलो. त्याला काहीच सांगितलं नाही. दोघांनी पिक्चर बघितला. तो मनापासून हसला, विहिरीच्या सीनला तर दोनदा रिवाइंड करायला लावलं. "असला पिक्चर पडला कसा यार? काय गोड आहे!"

मी म्हटलं, सुटलो.

चहा पिताना तो म्हणाला, "एकच गोष्ट खटकली. एक्स्ट्रा लोकांना नीट सांगून ठेवलं नव्हतं. सगळं वऱ्हाड नाचतंय, आणि मागचे एकजात नुसते उभे. घरी जायचं राहिल्यासारखे."

* * *

पुढच्या वर्षी हिराआजी स्वतः आली. उंबरमाळीवरून गाडीने आसनगाव, तिथून शहापूर, तिथून एसटी. दर टप्प्यावर बसून दम खात आली होती. लायब्ररीच्या पायरीवर टेकली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"ते लगीन तुज्याकडं हाय ना? लाव. मला पाठवनी करायचीय."

मी तिला अंधश्रद्धेवर जे काही सांगायचं ते सांगितलं. चांगलं दहा मिनिटं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बोललास बरा," ती म्हणाली. "पन बाबा, बोलावनारी मी. बोलावनारीनं पाठवल्याबिगर डोळं मिटलं, तं ती पन तिकडंच उबी ऱ्हाते. डाक्टरनं मला दिवाळी सांगितलीय. मला त्या मांडवात नाय उबा ऱ्हायचा."

ह्यावर माझ्या निबंधात काही नव्हतं.

मी हो म्हणालो आणि गावात भडका उडाला. सोनूकाकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मला लहानपणापासून जेवू घातलेली बाई. हळू आवाजात म्हणाल्या, "अव्या, माजा मानूस मला महिन्यातनं एकदा दिसतो. तोपन घालवतोस?"

"काकू, ते काका नाहीत. ती खराब प्रिंट आहे."

"मग पाठवनी कशाला लावतोस?"

हिराआजी आमच्याच पडवीत चटईवर पडली होती. ती तिथूनच म्हणाली, "गो सोनू, तुला दिसतो ते बरा. पन त्याला कदी इचारलास काय, पाय दुकतात का? किती वर्सं उबा हाय तो."

सोनूकाकू उठल्या आणि घरी गेल्या.

* * *

आणि तो दुसरा रविवार.

हॉल खच्चून भरलेला. दुपारचं ऊन दारातून पार मधल्या खांबापर्यंत आलेलं. सोनूकाकू आल्या. नवं लुगडं नेसून, पुढे येऊन बसल्या. गुरुजी आईला घेऊन आले.

पिक्चर लागला. एसटीचा सीन झाला, विहिरीचा झाला. कोणी हसलं नाही. लग्नाचा मांडव दिसायला लागला तशी आजी उठून टीव्हीसमोर उभी राहिली.

"सगळ्यांनी पाठी करा," ती म्हणाली. "जानाऱ्याचं तोंड बगायचं नाय. बगितलंत तं त्याचा पाय निगत नाय."

सत्तर माणसं सरसर वळली. खुर्च्यांचे आवाज झाले. मीही वळलो. का वळलो, माहीत नाही. सगळे दाराकडे तोंड करून, टीव्हीकडे पाठ करून बसलो. तोंड टीव्हीकडे फक्त आजीचं.

तिने गायला सुरुवात केली. एवढ्याशा कुडीत एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. पिक्चरचं काही ऐकूच येईना. ती एकेकाचं नाव घेत होती. नाव घ्यायची, क्षणभर थांबायची, जणू समोरचा वळून चालायला लागतोय ते बघतेय, आणि मग पुढचं नाव. गुरुजींच्या आईने एका नावाला हात जोडले. माझ्या पुढच्या बाईने तोंडात पदर घातला.

मग आजी म्हणाली, "गोयंदा, तू पन निग आता," आणि थांबली.

हॉलमध्ये काही हललं नाही. आजी थांबूनच राहिली.

आम्हाला सगळ्यांना पिक्चर पाठ होता. आता हिरोइन पाठ करणार, आता विचारणार. पण विचारलं सोनूकाकूंनी. दाराकडे तोंड करून, रोज जेवायला वाढताना विचारावं तसं.

"निगताय ना?"

आमच्या पाठीमागे कोणीतरी खाकरलं.

मग आवाज आला, "हो."

आजीने सुस्कारा टाकला आणि धवल्याची शेवटची ओळ म्हटली. माझाही श्वास सुटला. हिरोचा डायलॉग! बरोबर वेळेवर आला होता, एवढंच. खाकरण्याचं म्हणाल तर सत्तर माणसांत कोणीतरी खाकरणारच. मी दिलीपकडे बघून हसलोसुद्धा.

दिलीप हसत नव्हता. तो वर बघत होता.

"अव्या," तो म्हणाला, "पंखा कदी थांबला?"

दाराशी बसलेल्या माणसाने वळून न बघताच सांगितलं, "लाइट तं मगाशीच गेली. आजीनं गायला सुरवात केली ना, तवाच."