ब्लँकेटाची दोन टोकं

दिवसभर बसमध्ये ओरडून ज्याचा घसा बसायचा, त्या कंडक्टरच्या घरात महिनाभर चिडीचूप होतं. नवरा-बायकोत अबोला होता आणि तो त्याने आपल्याच तोंडाने ओढवून घेतला होता. पाहुण्यांनी घर भरलेलं असताना हा हसत हसत म्हणाला, "हिचं घोरणं ऐकलंत कधी? चढावर अडकलेली बस परवडली!" पाहुणे पोट धरून हसले. बायको उठून स्वयंपाकघरात गेली, ती त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाही. मग 'मीच का आधी बोलू?' म्हणून यानेही तोंडाला कुलूप घातलं.

पण संसार काही मुक्याने चालत नाही. ती भिंतीला सांगायची, "कुणाला चहा हवा असेल तर ठेवलाय." हा कॅलेंडरला सांगायचा, "कुणीतरी गीझर चालूच ठेवलाय."

घरात मोठं लोकरी ब्लँकेट एकच, त्यामुळे निजायला मात्र एकत्र. ती भिंतीकडे तोंड करून टक्क जागी. हा झोपला की मगच डोळा लागू द्यायचा, उगाच चुकून घोरलं तर! आणि याला त्या घोरण्याची इतकी सवय, की नुसत्या शांततेत झोपच येईना. दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडलेली. दिवसा पेंगत पेंगत तो चढणाऱ्याला सोडून उतरणाऱ्याला तिकीट द्यायला लागला.

मग ऊन तापायला लागलं. एका सकाळी तिने खिडकीला सांगितलं, "थंडी सरली. ब्लँकेट धुऊन ट्रंकेत टाकायचं. मग कुणीतरी बाहेरच्या खोलीत खाट टाकून झोपणार आहे."

कंडक्टर धसकलाच. अबोला एक वेळ परवडला, पण एकदा का खाट बाहेरच्या खोलीत गेली की ती परत आत येत नाही, हे त्याने शेजारच्या घड्याळवाल्याकडे पाहिलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दोघांनी गच्चीवर ब्लँकेट धुवायला काढलं. पाणी पिऊन ते असं फुगलं की एकट्याला उचलेना. एक टोक त्याने धरलं, दुसरं तिने. कंडक्टर डावखुरा. दर वर्षी ती "अहो, उलटं!" म्हणून ओरडायची आणि मग पीळ बसायचा. यंदा सांगणार कोण? दोघंही एकाच बाजूला पिळू लागली आणि ब्लँकेट नुसतं गोल गोल फिरत राहिलं. लक्षात आल्यावर दोघांनी गुपचूप दिशा बदलली. एकाच वेळी. ब्लँकेट आता दुसऱ्या बाजूने फिरू लागलं. कपडे वाळत घालायला आलेल्या बायका आपलं काम सोडून बघत उभ्या राहिल्या. घड्याळवाल्याने तर खुर्चीच आणली.

कंडक्टरला आधी बरंच वाटलं. पिळलं नाही तर वाळणार नाही, आणि वाळलं नाही तर ट्रंकेत जाणार नाही! पण मग त्याला तिचे हात दिसले, पिळून पिळून लालभडक झालेले. त्याला फार वाईट वाटलं. अपमान चारचौघांत केला, तर माफीही चारचौघांतच मागावी, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने बसमधला आवाज लावला.

"ऐका सगळ्यांनी! माझं चुकलं! बायको घोरते म्हणून मी हसलो, पण ती घोरली नाही तर मला झोप लागत नाही हो! महिनाभर टक्क जागा आहे मी!"

खाली रस्त्यावर एक सायकलवाला थांबून वर बघू लागला. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही आता ठाऊक झालं. बायकोच्या हातून टोक सुटलं आणि ब्लँकेट गच्चीच्या धुळीत पडलं.

"अहो, गप्प बसा!" ती म्हणाली. महिन्याभरात थेट त्याच्याशी बोललेला हा तिचा पहिला शब्द. मग ती जवळ आली आणि हळू आवाजात बोलली, "माझं घोरणं सांगितलंत सगळ्या गल्लीला. तुम्ही झोपेत 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणता, माहितीये? आणि मी सरकते. लग्न झाल्यापासून सरकतेय, भिंतीला नाक लागेपर्यंत. कधी कुणाला सांगितलं मी?"

कंडक्टरनेही आवाज खाली आणला. "मग मला हलवून जागं नाही करायचं?"

"तुमची पहाटेची पहिली बस असायची," ती म्हणाली, "झोप कशी मोडणार?" आणि तिने खाली वाकून आपलं टोक उचललं.