पांढरीचा राखणदार

पांडूतात्या रोज सकाळी, चहाच्याही आधी, पक्ष्यांची शीट बघायला जात. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हातातली बशी बाजूला ठेवतो. पण खरं ते खरं. अंगात बंडी, कमरेला रुमाल, दुखऱ्या गुडघ्याला तेलाची पट्टी, अशा थाटात ते लंगडत किनाऱ्यावर जात, कड्याखाली उभे राहत, कपाळावर हात धरून वर बघत आणि घरी येऊन काकींना खबर देत, "आज बरी झालीय." काकी चुलीवरची नजर न काढता म्हणत, "झाली ना? मग चहा घ्या."

मी साताऱ्याकडचा माणूस. बोईसरला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा एका खोलीत आम्ही इतके जण होतो की पाळीवरून आलेल्याने झोपलेल्याला उठवून त्याची जागा घ्यायची. शेवटी वैतागून तारापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात तात्यांच्या घरातली ओटीलगतची खोली भाड्याने घेतली. समुद्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि कॅलेंडरला वास नसतो.

या बाजूचा किनारा तसा सपाट, वाळूचा, सुरूच्या झाडांचा. पण आमच्या गावाच्या टोकाला एक काळा कडा थेट पाण्यात घुसलेला होता. त्याच्या डोक्यावर देवीचं देऊळ, पोटातल्या भेगांमध्ये पारव्यांची घरटी, पायाशी खडकच खडक. ओहोटीला ते खडक उघडे पडले की त्यांवर पाय चिरणारी कालवं, फटीफटीतून डोळे वटारणाऱ्या चिंबोऱ्या आणि चिखलात उड्या मारणारे निवटे दिसत. मासा असून चालतो म्हणजे काय, म्हणून मी पहिल्या दिवशी एका निवट्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो. तोही माझ्याकडे बघत होता.

त्याच संध्याकाळी तात्यांची आणि माझी खरी ओळख झाली. कड्याच्या मधोमध एका कंगोऱ्यावर काळे पाणकावळे पंख पसरून ओळीने बसले होते. ते उडताना कसे दिसतात हे बघावं म्हणून मी जोरात टाळी वाजवली. तर मागून एका पायात चप्पल, एक चप्पल हातात, असे तात्या धावत आले.

"ओ सातारकर! बसलेल्याला उठवताव? त्यांचं व्हायचं हाय अजून!"

"काय व्हायचंय?"

"काय म्हंजे? तुमचं सकाळी काय होतं? तेच!"

मग त्यांनी मला खडकावर बसवून सगळं समजावलं. त्या कंगोऱ्याखाली पाणकावळ्यांच्या शिटेचा एक रुंद पांढरा पट्टा कड्यावरून खाली उतरलेला होता. गाव त्याला 'पांढरी' म्हणे. खाडीच्या तोंडाशी खडकांमधून होडी आत घ्यायला एकच चिंचोळी वाट. समुद्रातून येताना देवळाचा झेंडा आणि पांढरी एका रेषेत दिसली की वाट बरोबर समोर. रेष चुकली की होडी खडकावर. तात्या स्वतः तांडेल होते, म्हणजे होडीचे कर्ते. उभी हयात त्यांनी पांढरीवर होडी आणली होती. गुडघ्याने घात केला, सुकाणू मुलाकडे, नामाकडे गेलं, आणि तात्यांकडे उरलं ते एवढंच काम, पांढरी राखायचं. "होडी नामा हाकतो," ते म्हणत, "पण घरी आणतो मी." हे ते इतक्या ऐटीत म्हणत की हसायची माझी छाती झाली नाही.

या विषयातली त्यांची मतं ठाम होती. पारव्यांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "दाणे खाणाऱ्याचं काय टिकतं? एक सर आली की गेलं वाहून. मासळी खाणाऱ्याचं बघा. रोगण हाय रोगण!" बगळा त्यांच्या मते चांगल्या घरचा, पण आळशी. टिटवी नुसती तोंडाळ, कामाची नाही. आणि खरं हाडवैर होतं ते समुद्री गरुडाशी. तो देवळामागच्या वडावर राहायचा आणि मनात आलं की कड्यावरून एक फेरी मारायचा. पाणकावळे घाबरून उठायचे आणि तात्यांचा दिवस वाया जायचा. मग तात्या खाली उभे राहून त्याला शिव्या घालत, "मेल्या, सगळा दर्या पडलाय तुला! यांच्या कामाच्या टायमालाच येतोस?" गरुड वरून अर्धवट खाल्लेला समुद्रसाप टाकून उत्तर देई. एकदा तो बरोबर तात्यांच्या खांद्यावर पडला. त्या दिवशी काकी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि तात्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

मग ती जत्रा आली. देवीच्या जत्रेला गावातल्या सगळ्या होड्या समुद्रावरून परत येत. जत्रेच्या तोंडावर तात्या एडवणला मुलीकडे गेले होते. इकडे मंडळाचा अध्यक्ष सुऱ्या, जो माझ्याच कारखान्यात कामाला होता, त्याच्या डोक्यात आलं की या वर्षी मोठे पाहुणे येणार, तर आईच्या पायाशी ही घाण बरी दिसत नाही. पोरांनी कमरेला दोर बांधले, खराटे घेतले, कपडे धुण्याचा सोडा घेतला आणि दिवसभर खपून पांढरी घासून काढली. कडा लख्ख काळा झाला. पोरांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तात्या एसटीतून उतरले, कड्याकडे बघितलं आणि आहे तिथेच वाळूत बसले. मला वाटलं, माणूस गेला आता.

"सुऱ्या," ते म्हणाले, "आईला इतकी वरसं चालली, न् तुझ्या पावण्याला चालली नाय? उद्या भरतीला होड्या येतील. कशावर येतील? तुझ्या टकलावर?"

सुऱ्या ओशाळला. गंमत म्हणजे गावातलं कुणीच काही बोलेना. सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि काहीतरी गिळल्यासारखे गप्प होते. मी आपला घाबरून विचारत होतो, आता कसं, आता कसं. तेवढ्यात काकी पुढे झाल्या आणि सुऱ्यावर खेकसल्या, "बघत काय उभा? चुना आण!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याचे डबे घेऊन पोरं पुन्हा दोरावर लटकली. खाली अख्खा गाव जमला. आणि मग पांढरी नेमकी होती कशी, यावर वाद पेटला. एक म्हणाला, वर गाठ होती. दुसरा म्हणाला, गाठ नव्हती, खाली शेपूट होतं. एका म्हातारीने शपथेवर सांगितलं की ती डावीकडे वळत होती. तात्या मधोमध उभे राहून ओरडत होते, "अरे डावीकडं! तुझा डावा नाय, पाणकावळ्याचा डावा!" आणि मग ते एकदम थांबले. चेहरा पडला. हळूच मला म्हणाले, "सातारकर, मी ही रोज बघतो. पण खूण म्हणून बघितली ती दर्यातून. इथून नाय सांगता येत."

म्हणजे समुद्रात जायला हवं. पण सुकाणू सोडल्यापासून तात्यांनी होडीत पाय ठेवला नव्हता. "तांडेल दुसऱ्याच्या होडीत बसायला काय टोपलीतला बोंबील हाय?" असं ते म्हणत. त्या दिवशी त्यांनी काकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "जावा. बोंबलाला कुणी इचारीत नाय." आणि ते गेले. वल्ही मारायला शिक्षा म्हणून सुऱ्या. आणि खुणा करायला मी, कारण सगळ्यांत पांढरा शर्ट माझा होता.

ठरलं असं की मी शर्ट काढून उंच धरला की पोरांनी वर रंगवायचं, खाली केला की खाली, आणि ज्या बाजूला हलवीन त्या बाजूला सरकायचं. योजना उत्तम होती. फक्त समुद्रात गेल्यावर माझ्या पोटाचं काय होईल याचा विचार कुणी केला नव्हता. पहिली लाट आली आणि मी काठावरून वाकलो. शर्टही वाकला. पोरांनी ताबडतोब खाली रंगवायला घेतलं. मी सावरलो, तात्या ओरडले, "वर! वर!", मी शर्ट उचलला, दुसरी लाट आली, मी पुन्हा वाकलो. असं बराच वेळ चाललं. पांढरी पूर्वी कड्याच्या अर्ध्यावर थांबायची, ती त्या दिवशी पार पाण्यापर्यंत पोचली. सुऱ्या वल्ही सोडून हसत होता, होडी वाहत चालली होती, आणि तात्या मात्र उभे राहून, एक डोळा मिटून, झेंडा आणि पट्टा जुळवत होते. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली. "हां! बसली!"

संध्याकाळच्या भरतीला होड्या आल्या. एकामागून एक, खडकांमधून अलगद, सगळ्या सुखरूप. तात्या गुडघाभर पाण्यात मुलीचा बाप वऱ्हाडाला सामोरा जातो तसे उभे होते. "बघितलंव? चुना ओला हाय, तरी आणली पोरांना!" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

जत्रेत नामा भेटला तेव्हा मी तोंड भरून पांढरीची तारीफ केली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि दंडाला धरून मला होडीच्या आड नेलं.

"पांढरी कोण बघतंय? आमी कधीपासून चिमणीवर येतो. वीजघराची चिमणी. तिची रेष धरली की वाट समोर. किती लांबनं दिसते!"

"गावात कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. तात्यांना सोडून."

"मग सांगत का नाही त्यांना?"

नामा म्हणाला, "सांगितलं त सकाळी उठून जातील कुठं?"

त्या दिवसापासून मीही गावात सामील झालो. पहिल्या पाळीला निघताना वाटेत तात्या दिसले की विचारायचो, "कशी काय झालीय?" आणि ते सविस्तर सांगायचे. चुना पुढच्या पावसात धुतला गेला, पण तोवर पाणकावळ्यांनी नवी जागा आपली मानून कामाला सुरुवात केली होती. त्यामुळे पांढरी तसूभरही हलली नाही. "मी पाया घातला," तात्या सांगत, "इमला त्यांचा."

पुढे माझं लग्न झालं, बोईसरला घर झालं, तरी सुट्टीला मी तिकडे जातच राहिलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका सकाळी तात्या कड्यावरून परत आले, "आज झकास झालीय" म्हणाले, आणि चहाची वाट बघत भिंतीला टेकले ते टेकलेच. काकींनी चहा आणून समोर ठेवला, आणि मग हाक मारली.

अस्थी घेऊन नामाने होडी बाहेर काढली. सुऱ्या होता, मी होतो. अस्थी सोडल्या, नारळ सोडला, परत फिरलो. ऊन स्वच्छ पडलेलं, चिमणी ढळढळीत समोर उभी. नामाने तिच्यावरून नजर काढली.

"आज तात्यांच्या खुणेवर जाऊ," तो म्हणाला.

झेंडा हळूहळू सरकला, पांढरीच्या बरोबर डोक्यावर आला. रेष अचूक जुळली. नामाने होडी सरळ आत घातली. आणि खालून कर्रर्र असा आवाज येऊन होडी खडकावर चढली ती हलेचना.

नामाने खडक बघितला, पांढरी बघितली, बाजूला चार हातांवर असलेली वाट बघितली. "तात्या," तो वर बघून म्हणाला, "चुकलाव की वो!" आणि हसू लागला, आणि हसता हसता ढसाढसा रडू लागला. सुऱ्याही रडत होता, मीही. तेवढ्यात किनाऱ्यावरून काकींचा आवाज आला, "मेल्यांनो, चिमणी दिसत नाय का तुमाला?"

पाणी ओसरत होतं. भरती येईपर्यंत आम्हाला तिथेच बसायचं होतं. वर पाणकावळे पंख पसरून ओळीने बसले होते आणि इमानेइतबारे चुकीच्या जागी आपलं काम करत होते. नामा मान वर करून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने बाहीने डोळे पुसले.

"आज बरी झालीय," तो म्हणाला.