राख लावलेली ज्वारी

मंदीच्या साली मी अनसिंग स्टेशनात मालबाबू होतो. गाडीच्या वेळी एक माळीण वांगी घेऊन फलाटावर बसायची. बोलताना समोरची वस्तू बोटांनी चाचपायची तिला सवय होती.

एका उन्हाळ्यात मी तिला खुशीत म्हणालो, "यंदा माल येतो थोडा, बाहेर जातो भरमसाट. रिकामी माणसंही दिसत नाहीत. गाव सुधारलं बघ."

शेजारी बाहेरगावी जाणाऱ्या पोत्यांची थप्पी होती. तिनं त्यातल्या एका उसवलेल्या पोत्यात हात घातला. ज्वारीबरोबर बोटांना राख लागली.

"बाबू, राख बियाले लावतेत, खायाच्या ज्वारीले नाही. लोकं पेराचं बी इकून परमुलखात कामाले गेले. रिकामं बसाले गावात राह्यलं कोन?"

वर्षभर वह्या लिहून मला जे कळलं नव्हतं, ते तिला एका मुठीत कळलं. मी थक्क झालो.

तेवढ्यात तिनं हातातले चांदीचे गोट काढून माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यापुढे ठेवले आणि थप्पीतली दोन पोती उतरवून घेतली.

"एवढ्या बियाचं तू काय करशील?"

"मी काय करतो? लोकं पेरतीन, आल्यावर."

मृगाला माणसं परतली. तिनं घरोघरी सुपानं बी वाटलं. तोवर मी तिला अगंतुगं करायचो. नंतर माझ्या तोंडून 'तुम्ही'च निघू लागलं.