बांधावरचा युक्तिवाद

माझ्या गुरूंनी मला वकिली शिकवली, असं ते स्वतः सगळ्यांना सांगतात. त्यांनी मला काय शिकवलं ते मी सांगते. तारीख घ्यायला शिकवलं. जुन्नरच्या कोर्टात ते स्वतः युक्तिवाद करायचे आणि मला एसटीनं घोडेगावला पाठवायचे. तिथं उभं राहायचं, मान लववून म्हणायचं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." संपली माझी वकिली. वर्षानुवर्षं हेच एक वाक्य. माझ्यानंतर आलेल्या मुलांना त्यांनी उलटतपास घ्यायला दिला, मला नाही. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तू बाजारातली मुलगी. तुझा आवाज भाव करायला ठीक आहे, कोर्टाला नाही."

मी बाजारातलीच आहे. ओतूरच्या बाजारात आईशेजारी गोणपाटावर बसून मिरच्या विकत मोठी झाले आणि त्याच गोणपाटावर पुस्तकं ठेवून शिकले. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की ते खरंच निघालंय की पलीकडच्या पालापर्यंत जाऊन परत येणार आहे, हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. भाव तर मी अजूनही करते. रिक्षावाल्याशी करते, डॉक्टरशीही करते. पण ते वाक्य मला लागलं. हातातली फाइल मी गुरूंच्या टेबलावर अशी आपटली की त्यांचा चष्मा खाली पडला. त्यांनी तो उचलला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "जमलं नाही तर ये परत. घोडेगावला कोणीतरी लागतंच."

राग होता तोवर बरं चाललं होतं. मी जुन्नरात एका शिंप्याच्या दुकानावर खोली घेतली, पाटी लावली. मग राग ओसरला आणि भीती वाटायला लागली. त्यांचंच खरं असेल तर? आयुष्यात एकदाही युक्तिवाद न केलेली वकील म्हणजे नक्की कोण?

पहिलं काम आणलं पिंपळवंडीच्या एका मावशीनं. ती आईची जुनी गिऱ्हाईक. ती मळ्यातच राहायची. डांबरी रस्त्यावरून तिच्या मळ्यात येणारी वाट तिच्या चुलत दिराच्या बांधानं होती. भांडण झालं आणि दिरानं बाभळीचे काटे टाकून वाट बंद केली. वर सगळीकडे सांगायला लागला, की इथं वाट कधी नव्हतीच. मावशीचा कांदा काढणीला आलेला, आणि ट्रॅक्टर मळ्यात यायला दुसरा रस्ता नाही. रस्ता अडवल्याचा असा दावा तहसीलदारांपुढे चालतो. दिराचा वकील कोण, तर माझे गुरू.

आठ दिवस मी आरशासमोर युक्तिवाद पाठ केला. खालचा शिंपीसुद्धा मशीन थांबवून ऐकायचा. "मॅडम, आज कालच्यापेक्षा बरं जमलं," म्हणायचा. सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीत पुकारा झाला. मी उभी राहिले. समोर गुरू पाय हलवत बसलेले. पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं आणि तोंडातून स्पष्ट, खणखणीत आवाजात निघालं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी."

तहसीलदारांनी मान वर केली. "कोण साहेब? वकीलपत्र तर तुमचं आहे."

कचेरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, ते लिहायची गरज नाही. तहसीलदारांनी बिचाऱ्यांनी मला सावरून घेतलं. म्हणाले, "जागेवर येऊन बघू, तिथं बोला." बाहेर मावशीनं मला धरलं. "अगं पोरी, तू माझी वकील हायेस का त्याची? आता मळ्यात तरी तोंड उघड. न्हाईतर दुसरा बघते मी."

स्थळपाहणीच्या दिवशी सगळे ओढ्याच्या बाजूनं लांबचा वळसा घालून मावशीच्या मळ्यात पोचले. तहसीलदार, पंचनामा लिहायला तलाठी, दीर, आणि चकचकीत बुटांत माझे गुरू. दीर काट्यांकडे हात करून म्हणाला, "रावसाहेब, आमच्या बापजन्मात हितं वाट न्हाई. माणूस चालला न्हाई, तर गाडी कुठली?" तलाठ्यानं लिहून घेतलं. तोंड उघडलं तर पुन्हा तारीखच निघणार, अशी माझी खात्री झाली होती.

मग मी दिराकडे पाहिलं. बाजारातल्यासारखं पाहिलं. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. आज साहेब आपल्याकडे आलेत, हे गावानं बघावं म्हणून आलेला माणूस. असा माणूस एकच गोष्ट सोडणार नाही.

"मावशी," मी मोठ्यानं म्हणाले, "सगळ्यांना चहा टाक. तुझ्या दिरालाही. त्यांच्याकडं आज साहेबांना कुणी चहाचं विचारलेलं दिसत नाही."

दीर उसळला. "कुणी विचारलं न्हाई? रावसाहेब, आमच्याकडं भजी तळून तयार हायेत! वैनीकडचा चहा कसला पिताय राव, दूध तरी हाय का तिच्याकडं?"

"तुज्या म्हशीपरीस दाट हाय!" मावशी ओरडली.

तहसीलदार घाम पुसत म्हणाले, "भाऊ, तुमचं घर त्या टोकाला डांबरीवर. परत वळसा घालून कोण येणार? इथंच घेऊ."

"वळसा कशाला, रावसाहेब?" दिरानं धोतर खोचलं आणि स्वतःच्या हातानं काटे ओढायला लागला. "ह्या वाटंनं सरळ. आमच्या आज्यापासनं गाड्या जात्यात हितनं!"

गुरू ओरडले, "अहो, गप्प बसा!" पण तोवर अर्धी बाभूळ बाजूला झाली होती आणि खालची चाकोरी उघडी पडली होती.

"साहेब," मी म्हणाले. आवाज चिरकला. मी परत म्हणाले, "साहेब, हे पंचनाम्यात घ्यावं."

"हरकत आहे," गुरू म्हणाले. "हे पाहुणचाराचं बोलणं आहे. पुरावा नाही."

तहसीलदार माझ्याकडे वळले. "मॅडम?"

आरशासमोरचं एक अक्षर आठवलं नाही. म्हणून मी भाव करतात तसं बोलले. म्हटलं, पाठ करून आणलेलं खोटं असू शकतं, पण पाहुण्याला घरी न्यायची घाई झालेला माणूस खरी वाटच दाखवतो. त्यांनी काटे टाकले ते वकिलाच्या सल्ल्यानं असतील, काढले ते स्वतःच्या हातानं. आणि ज्या वाटेनं तहसीलदारांना भज्यांसाठी नेता येतं, त्या वाटेनं मावशीचा कांदा का जाऊ नये? गुरू मध्ये बोलले, तेव्हा मी चिडले, आणि चिडल्यावर माझा आवाज थरथरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या मळ्यातले लोक काम सोडून बांधावर आले. तलाठी भराभर लिहीत होता. शेवटी तहसीलदार म्हणाले, "पुरे मॅडम, कळलं. काटे आजच्या आज उचलायचे." आणि त्याच वाटेनं भज्यांकडे निघाले. दीर पुढं, अजूनही उत्साहात. आपण काय करून बसलो, ते त्याला पहिल्या घाण्यानंतर कळलं असावं.

मागून मी आणि गुरू. त्यांच्या चकचकीत बुटात बाभळीचा काटा घुसला. एका पायावर उभं राहायला त्यांना माझा खांदा धरावा लागला.

"इतकं ओरडायचं नसतं," काटा उपसत ते म्हणाले.

चांगलं बोललीस, असं ते म्हणाले नाहीत. अजून म्हणालेले नाहीत, आणि मी ते विसरलेले नाही. त्यांचा काटा निघेपर्यंत मी खांदा दिला, पण स्थिर मात्र ठेवला नाही.